२०१४ चा शोउ मेई चहाचा केक मिळालाय पण चवच लागत नाहीये, मदत हवी

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी गेलं दीड वर्ष कामानिमित्त शियामेनला आहे, म्हणजे फुजियान प्रांतातच. वसंतोत्सवाच्या सुट्टीआधी ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला चहाची एक दाबलेली चकती, म्हणजे केक, भेट दिली. कागदात गुंडाळलेली, ३५० ग्रॅमची, आणि वरच्या कागदावर फूदिंग (याच प्रांतातलं चहाचं ठिकाण), शोउ मेई (चहाचा प्रकार) आणि २०१४ एवढं मला वाचता आलं. त्या म्हणाल्या हा लाओ बाय छा आहे, जुना पांढरा चहा, घाईघाईत पिऊ नकोस आणि थंडीत उकळून घे. देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्यावरून कळलं की ही काही दुकानातून सहज उचललेली वस्तू नाही, म्हणून मला हा चहा नीट समजून घ्यायचाय.

आता अडचण अशी की मी सगळीकडे वाचलं होतं की पांढरा चहा नाजूक असतो, गरम पाण्याने करपतो. म्हणून मी ८० अंशाचं पाणी घेऊन मोठ्या मगमध्ये कडेचा एक छोटा तुकडा टाकला, ३ मिनिटं ठेवला, तर नुसतं पिवळट कोमट पाणी. चव अशी काहीच नाही. दुसऱ्या वेळी विसरून अर्धा तास राहिला तर रंग तांबूस आला पण मागे किंचित आंबट वाटलं.

त्यात मार्चमध्ये इथे ते हुइ नान थ्येन सुरू झालं, म्हणजे दक्षिणेकडून दमट वारं येतं आणि भिंती फरशा अक्षरशः घामेजतात. केक उघडल्यावर मी तो कागदातच स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता. आता नाकाशी धरला की बंद कपाटाचा वास येतो. खराब झाला का? बनवायचा कसा? आणि हा खरंच २०१४ चा आहे हे कळतं का? बाईंना विचारायला संकोच वाटतो, भेटवस्तूवर शंका घेतल्यासारखं होईल.

सुकी_वाट

बनवायचं नंतर बघा, आधी बुरशी तपासा. केक उजेडात धरून चिरांमध्ये आणि मागच्या बाजूच्या खळग्यात बघा. पांढरं दिसलं की लगेच घाबरू नका कारण कळ्यांवर मुळातच पांढरी लव असते, ती पानाला चिकटून एकाच दिशेने असते आणि चकाकते. बुरशी मात्र दोन पानांच्या मधल्या जागेत कोळ्याच्या जाळ्यासारखी नाहीतर पीठ भुरभुरल्यासारखी पसरते, आणि हिरवट पिवळी छटा असली तर प्रश्नच मिटला. तशी दिसली तर तो तुकडा खरवडून बाकीचा प्यायचा वगैरे अजिबात करू नका, टाकून द्या.

पानावर_दव

बुरशी नसेल असं धरून बनवण्याबद्दल सांगते, कारण तुमचा हा अनुभव मला अगदी ओळखीचा आहे, मीही पहिले कित्येक महिने जुना पांढरा चहा कोमट पाण्यात बुडवून वाया घालवलाय.

ते ८० अंशाचं जे वाचलंत ते लोक कोवळ्या कळ्यांच्या ताज्या चहाबद्दल सांगत असतात, आणि तिथेही ८५-९० ला काही बिघडत नाही. तुमच्याकडे शोउ मेई आहे, म्हणजे मोठी जून पानं आणि देठ, त्यात वर्षानुवर्षं ठेवलेला, त्यात दाबून चकती केलेली. या तिन्ही गोष्टींना एकच उत्तर, सळसळतं उकळलेलं पाणी. किटलीतून थेट. दाबलेल्या पानाच्या आत पाणी शिरायलाच वेळ लागतो, कोमट पाणी वरवर फिरून परत येतं आणि तुम्हाला वाटतं चहात दम नाही.

केक हाताने मोडू नका, चुरा होतो आणि चुऱ्याचा चहा गढूळ नि तुरट होतो. कडेकडून चपटी बोथट सुरी आडवी सरकवायची, पानांच्या थरांमध्ये, आणि हलकेच वर उचलायचं. पापुद्रा सुटल्यासारखा तुकडा निघाला पाहिजे. सुरी स्वतःच्या हाताकडे कधी धरू नका, दाट दाबलेला केक असला की ती सटकते.

१०० ते ११० मिलीचं गायवान असेल (झाकणाचा चिनी कप, तुमच्याकडे तर कोपऱ्यावर मिळेल) तर ५ ग्रॅम घ्या. वजनकाटा घ्याच, या फुगीर पानांचा डोळ्यांनी अंदाज चुकतो. पहिलं उकळतं पाणी ओतून लगेच टाकून द्यायचं, पानं जागी होतात. मग झाकण ठेवून अर्धा एक मिनिट थांबा आणि झाकणाचा आतून वास घ्या. हे कराच. जुन्या शोउ मेईचा जो वास आहे ना, सुकलेल्या लाल बोरांचा, गुळचट, थोडा सुक्या औषधी मुळ्यांसारखा, तो सगळ्यात आधी तिथे सापडतो.

त्यानंतर पहिल्या दोनतीन वेळा १०-१५ सेकंद, आणि तुकडा पूर्ण सुटा झाला की उलट वेळ थोडा कमी करायचा, कारण तेव्हा पान एकदम उघडतं. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, ते प्रत्येक वेळी आपले सेकंद वाढवत जातात आणि चौथा कप एकदम कडक होतो. सहासात कपांनंतर मग २०, ३०, एक मिनिट असं वाढवा.

आणि त्या बाईंनी सांगितलेलं उकळून पिणं, ते शोउ मेईसाठी खरंच सगळ्यात सुंदर आहे, पण मी आधी गायवानमध्ये सातआठ वेळा काढून घेते आणि मग तीच पानं ५०० मिली पाण्यात मंद आचेवर पाच मिनिटं उकळते. देठातला गोडवा तेव्हा बाहेर येतो, दाटसर, ओठांना चिकटेल असा. कोरडं पान थेट उकळायचं असेल तर अर्ध्या लिटरला ३ ग्रॅम पुरे, ५ टाकलेत तर काढा होईल.

अर्धा तास मगमध्ये राहिलेल्यात आंबट लागलं म्हणून केकला दोष देऊ नका अजून. नीट बनवून मग बघा, आंबटपणा राहिला तर वेगळं बोलू.

डोंगरवाट

मी दुभाषी म्हणून फूदिंगला तीन वसंत ऋतू काढलेत, एका छोट्या चहा बनवणाऱ्या कुटुंबाकडे राहून, त्यामुळे जरा लांबण लावतो, वाचायचं तर वाचा. पण मला वाटतं हा चहा बनतो कसा हे डोळ्यांसमोर आलं की कसा प्यायचा आणि कसा ठेवायचा हे आपोआप कळतं.

पांढऱ्या चहाला काही केलं जात नाही असं लोक म्हणतात. म्हणजे हिरव्या चहासारखं कढईत भाजून पान मारत नाहीत, काळ्या किंवा ऊलाँगसारखं मळत-वळत नाहीत. खुडायचं, कोमेजू द्यायचं, वाळवायचं. ऐकायला सोपं, पण मी माझ्या आयुष्यात एवढी काळजीने केलेली "काहीच न करण्याची" गोष्ट दुसरी पाहिली नाही. पान बांबूच्या चाळण्यांवर पातळ पसरतात, एकावर एक पान येऊ द्यायचं नाही, आणि दोन ते तीन दिवस ते कोमेजत ठेवतात. साधारण ३६ तासांपासून ७२ तासांपर्यंत, हवेवर अवलंबून. त्या घरातले आजोबा सकाळी उठून आधी वारा कुठून येतोय ते बघायचे. उत्तरेचा कोरडा वारा आणि ऊन असलं की सगळं घर कामाला लागायचं आणि सगळ्यांचा मूड चांगला. दक्षिणेचा वारा म्हणजे दमट, पान सुकायच्या आधीच काळं पडतं, लालसर होतं, वास कोंदट होतो. खूप भरभर सुकलं तर हिरवटपणा राहतो आणि चहा गवताळ लागतो. तो मधला काळ सापडला पाहिजे. शेवटी मंद आचेवर, जुनी घरं अजूनही कोळशाच्या धगीवर, उरलेली ओल काढतात. तयार मालात ओल ८.५ टक्क्यांच्या आत पाहिजे असा चिनी राष्ट्रीय मानकाचा नियम आहे, आणि वर्षानुवर्षं ठेवायचा माल चांगले लोक त्याच्याहून बराच कोरडा करतात. खाडीकाठ, तुमच्या आंबटपणाचं मूळ कदाचित इथेच कुठेतरी असेल, पुढे येतो त्याच्यावर.

झाडांबद्दल. फूदिंगमध्ये मुख्य दोन वाण, फूदिंग दा बाय आणि फूदिंग दा हाओ. दोन्हीच्या कळ्या जाड आणि लवदार, दा हाओच्या तर अजून मोठ्या, आजकाल तिथली बरीचशी लागवड त्याचीच आहे. ही झाडं फांदीची कलमं लावून वाढवतात त्यामुळे अख्खा मळा एकसारखा उगवतो. याच्या उलट छाय छा म्हणजे तिथली जुनी गावठी झाडं, बियांपासून आलेली, प्रत्येक झाड वेगळं, कळ्या बारीक. त्या गावठी झाडांच्या चहाला गोंग मेई म्हणायचं असं २०१७ च्या राष्ट्रीय मानकात आहे, आणि मला खासगीत विचाराल तर चांगला गोंग मेई मिळाला की मी बाकी सगळं बाजूला ठेवतो. वास इतका खोल असतो त्याचा.

बाकी प्रकार तर खुडणीवरून ठरतात. नुसती कळी म्हणजे बाय हाओ यिन झेन, चांदीची सुई. कळी आणि एकदोन पानं म्हणजे बाय मू दान. त्याहून मोठी पानं आणि देठ म्हणजे तुमचा शोउ मेई. सुई मार्चच्या शेवटाला, छिंगमिंगच्या आधी (तो सण ४-५ एप्रिलला येतो), मग मू दान, मग शोउ मेई, आणि शोउ मेईची दुसरी खुडणी शरद ऋतूत, बाय लू म्हणजे ८ सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. शरदातला शोउ मेई वासाला चढा असतो. सुईसाठी तर दहा प्रकारच्या कळ्या खुडायच्याच नाहीत असा जुना दंडक आहे, पावसात नाही, दव वाळल्याशिवाय नाही, जांभळी कळी नाही, किडीने खाल्लेली नाही, वाऱ्याने जखमी झालेली नाही, आतून पोकळ नाही... मी एका सकाळी चार तास खुडलं आणि त्या घरच्या काकूंनी माझ्या टोपलीतली निम्मी कळी परत केली. तेव्हा कळलं की तो पांढरा साधेपणा कशावर उभा आहे.

फूदिंग एकटं नाही हेही सांगतो. डोंगरांच्या आत झेंगहे आहे, त्याचं नावच सम्राट हुइझोंगच्या झेंगहे या राजवट-नावावरून १११५ साली पडलंय. तिथला झेंगहे दा बाय वाण वेगळा, आणि परंपरेने तिथे उन्हापेक्षा घरात, वाऱ्याशीर माडीवर पान कोमेजवतात. तो चहा रंगाने गडद नि अंगाने भरलेला, फूदिंगचा हलका आणि गोडसर. बाय मू दान तर जियानयांगच्या श्वेजी गावात १९२२ च्या सुमारास पहिल्यांदा झाला असं मानतात.

खाडीकाठ

डोंगरवाट, हे तर मी दोनदा वाचलं. सुकी_वाट, तुम्ही सांगितल्याप्रमाणे टॉर्च लावून बघितला, बुरशी नाही दिसली, लव आहे पण ती पानालाच चिकटलेली आहे, आता फरक कळला. पानावर_दव, गायवान आणलं, उद्या करतो. तोवर दोन प्रश्न. पांढरा का म्हणतात, माझं पान तर तपकिरी काळं हिरवट असं सगळं मिसळलेलं आहे? आणि २०१४ चं काय?

जुनी_पेटी

पांढरा हा शब्द कळीवरच्या त्या लवेवरून, पेल्यातल्या रंगावरून नाही. जुना शोउ मेई तर मधाच्या रंगावरून थेट तांबड्याकडे जातो. आणि नावावर जाऊ नका, झेजियांगचा आंजी बाय छा नावाने पांढरा पण बनवायची पद्धत पूर्ण हिरव्या चहाची. तो जुना करायला ठेवाल तर हळहळाल.

तुमचं पान मिसळलेल्या रंगाचं आहे ही मला चांगली खूण वाटते. नैसर्गिक जुन्या शोउ मेईत काही पान तपकिरी, काही हिरवट राखाडी, काही लालसर, देठ वेगळे दिसतात, कारण प्रत्येक पान आपापल्या गतीने बदललेलं असतं. खोटा जुना केलेला माल ओलाव्यात आणि उष्णतेत ढीग घालून काही आठवड्यांत काळा करतात, तो सगळा एकसारखा काळपट दिसतो, पाण्यात टाकला की दुसऱ्यातिसऱ्या कपाला दम संपतो, पाणी गढूळ, आणि भिजलेलं पान बोटांत दाबलं तर चिखलासारखं होतं. खरं जुनं पान भिजल्यावरही ताणलं तर लवचिक असतं. हे सगळं उद्या तुमच्या गायवानमध्ये दिसेल.

सालाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. केकवरचं साल पान खुडल्याचं असू शकतं किंवा दाबल्याचं. काही जण सुटं पान चारपाच वर्षं ठेवून मग दाबतात, काही जण त्याच वर्षी. म्हणून कागदावर दोन तारखा असतात का बघा, एक कच्च्या मालाची, एक दाबल्याची.

२०१४ हे मला अजिबात अशक्य वाटत नाही. संशय घ्यायचा तर तो १९९० च्या केकवर घ्या. पांढऱ्या चहाची चकती करायची पद्धत साधारण २००५ नंतर रुळली, तिचं राष्ट्रीय मानक २०१५ ला आलं. त्याआधी हा चहा बहुतेक हाँगकाँग, आग्नेय आशिया, युरोप इकडे निर्यात व्हायचा, चीनमध्ये आतल्या भागात फार थोडे लोक पीत होते, आणि पुढे सोनं होईल म्हणून पेट्या भरून ठेवणारे तर त्याहून थोडे. त्यामुळे जेवढा तीस वर्षं जुना पांढरा चहा आज विकायला दिसतो तेवढा कोणी ठेवलाच नव्हता. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच की साल बघून पैसे देऊ नका. मूळ पान चांगलं होतं का आणि ते कोरडं राहिलं का, बस. वाईट पान वीस वर्षं ठेवलं तर वीस वर्षं जुनं वाईट पान मिळतं. मी स्वतः एक असा १५ वर्षांचा घेतला होता आणि एक चांगल्या पानाचा सहा वर्षांचा, सहा वर्षांचा आजही आठवतो.

रसायनवही

बाई म्हणाल्या थंडीत घे, ते ठीक आहे, पण कोणी तुम्हाला "एक वर्ष चहा, तीन वर्षं औषध, सात वर्षं खजिना" ही म्हण ऐकवली तर ती चहा म्हणून ऐका, औषध म्हणून नाही. फूदिंगच्या ताइमू डोंगरात जुनी कथा आहे की ताइमू नावाच्या बाईने गोवर आलेल्या मुलांना हा चहा दिला, आणि तिथल्या घरांत ताप-गोवरात जुना पांढरा चहा द्यायची पद्धत होती, त्याचा मान मी ठेवतो. पण ती म्हण एवढी पसरली ती चहाच्या व्यापारामुळे. ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि सोबत चहा प्या.

वर्षांनी आत काय होतं ते मात्र खरंच मनोरंजक आहे. तुरटपणा देणारी कॅटेचिन्स कमी होत जातात, म्हणून जुना चहा उकळला तरी घशाला ओरखडत नाही. ताज्या चहात जे मऊ रसदार गोडसर लागतं त्यात अमिनो आम्लांचा, मुख्य म्हणजे थिआनिनचा वाटा असतो, तेही कमी होतं. आणि या दोघांचा आपसात संयोग होऊन नवी संयुगं तयार होतात, ज्यांचं प्रमाण वयासोबत वाढत जातं, चहाचं वय ओळखायला त्यांचा उपयोग होईल का यावर संशोधन झालंय. फुलांचे, हिरवट गवताचे हलके वास उडून जातात आणि गोड, लाकडी, सुक्या फळांसारखे वास उरतात. म्हणजे काहीतरी मिळतं तसं काहीतरी जातं, जुना तो चांगला आणि ताजा तो कच्चा असं नाहीये.

कॅफिन मात्र ठेवून फारसं हलत नाही. पांढऱ्या चहात कॅफिन नसतं हा गैरसमज फार पसरलाय, उलट कोवळ्या कळीत ते जून पानापेक्षा जास्त असतं. रात्री चांदीची सुई पिऊन झोप लागली नाही तर कारण ते. शोउ मेईत त्यामानाने कमी, पण रात्री उकळून लिटरभर प्यायलात तर जागरण आहेच. आणि जून पानात फ्लोराइड कोवळ्यापेक्षा जास्त साठलेलं असतं, म्हणून दिवसभर तेच ते पान उकळत ठेवून पाण्याच्या जागी पिणं मी टाळेन.

दोन_घोट

एक शंका, मी पु-अर (युनानचा जुना करून प्यायचा चहा) पितो आणि तिथे तर थोडी आर्द्रता हवीच म्हणतात, अगदी कोरड्या जागी ठेवला तर वाढत नाही. मग पांढऱ्याला पण तसंच, कागदात हवेशीर ठेवलं तर काय बिघडतं?

डोंगरवाट

दोन_घोट, मोठा फरक आहे. युनानच्या पु-अरमध्ये सूक्ष्मजीवांचा हात असतो, शिजवलेल्या पु-अरमध्ये तर १९७३ पासूनची ओला ढीग घालायची पद्धतच त्यावर उभी आहे. पांढऱ्या चहात आपल्याला ते नकोच आहे, इथे पान कोरडेपणात हळूहळू हवेशी बोलत बदलतं. फूदिंगमध्ये साधारण अशी पद्धत वापरतात, आत अन्नासाठीची प्लास्टिक पिशवी, मग अॅल्युमिनियमची पिशवी, मग पुठ्ठ्याचं खोकं, प्रत्येकाचं तोंड घट्ट. जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब. फ्रिज नको, बाहेर काढताना त्यावर दव धरतं आणि वास शोषतं. त्या घरी गोदामात हुइ नान थ्येनच्या दिवसांत दारं-खिडक्या बंद, ओल शोषणारं मशीन चालू, आणि आम्हाला आत जायलाही मनाई. खाडीकाठ, तुमची स्वयंपाकघरातली फळी म्हणजे वाफ, तेल, मसाल्यांचे वास सगळंच. केक तिथून आज हलवा.

आंबटपणाचं राहिलं होतं. चकती करताना सुकं पान वाफेवर मऊ करून मग दाबतात, म्हणजे जी ओल तीन दिवस खपून काढली ती परत आत घातली जाते. मग ती सावकाश, कमी तापमानाला, केकच्या गाभ्यापर्यंत काढावी लागते. घाई केली किंवा फार घट्ट दाबला तर वरून कोरडा आणि मध्ये ओलसर राहतो आणि आतून आंबतो. म्हणून कडेचा तुकडा आणि मधला तुकडा वेगवेगळा बनवून बघा. मध्ये जास्त आंबट असेल तर दोष बनवणाऱ्याचा, कडेला कोंदट आणि मध्ये स्वच्छ असेल तर तुमच्या फळीचा. दुसरं असेल तर वाचवता येतं. याच वाफेमुळे चकतीत बोरांचा वास सुट्या पानापेक्षा लवकर येतो, पण सुट्या पानाचा जो स्वच्छ फुलांचा वास असतो तो थोडा हरवतो. मी स्वतः सुटं ठेवतो, जागा जास्त लागते तरी.

खाडीकाठ

तीन दिवस सुट्टी होती, अख्खी यातच घालवली आणि मला ती फार आवडली.

कडेचा तुकडा ५ ग्रॅम, उकळतं पाणी. झाकणाला आधी तो कपाटाचा वास, स्पष्ट. पहिले दोन कप तसेच लागले, तिसऱ्यापासून वास मागे गेला आणि काहीतरी गोड पुढे आलं. मग सुरी मधोमध घातली (दोन वेळा सटकली, पानावर_दव तुमची सूचना आठवली) आणि आतला तुकडा केला. मंडळी, आत काहीच कोंदट नाही. आंबटही नाही. झाकण उचललं आणि सुकलेली बोरं, मध, आणि मागे सुक्या पानांच्या ढिगाचा उन्हातला वास. पाचव्या कपाला रंग पिकलेल्या जर्दाळूसारखा, एकदम नितळ, कपाचा तळ दिसत होता. जुनी_पेटी, भिजलेलं पान ताणून बघितलं, तुटलं नाही. देठ तर अख्खे दोन इंच लांब निघाले. नवव्या वेळेनंतर सगळं उकळलं आणि ते ओठांना चिकटणं म्हणजे काय ते समजलं.

म्हणजे दोष माझ्या फळीचा आणि ८० अंशांचा. आणि कागद परत नीट बघितला, मागे छोट्या अक्षरात दुसरी तारीख आहे, २०१७ ला दाबलाय, पान २०१४ च्या शरदातलं. बाईंना काल सांगितलं की मी आता उकळत्या पाण्याने करतो, तर त्या म्हणाल्या त्यांच्या वडिलांनी अशा पाच घेतल्या होत्या आणि ही शेवटून दुसरी. मी तो मार्चभर उघडा ठेवला होता हे त्यांना सांगायचं धाडस नाही झालं अजून.

आता कडेची ओल आणि वास कसा घालवू? ओव्हनमध्ये मंद ठेवू का?

पानावर_दव

ओव्हन नको, तुम्हाला आच सांभाळता येणार नाही आणि एकदा भाजल्याचा वास बसला की तो निघत नाही. कोळशावर परत शेकायचं काम फूदिंगचे लोक करतात पण तेही हात बसलेले. तुम्ही झोपायच्या खोलीत किंवा जिथे स्वयंपाकाचा, अगरबत्तीचा, सेंटचा वास येत नाही अशा खोलीत ओल शोषणारं मशीन लावा, कागद उघडून केक स्वच्छ जाळीवर ठेवा, उन्हात नाही, चारपाच दिवस, रोज उलटा. रोज नाकाशी धरून बघा, बंद कपाटाचा वास फिका होत जाईल. मग डोंगरवाटने सांगितल्या तशा तीन थरांत बंद करा, महिनाभर हात लावू नका.

आणि पिण्यापुरतं, पुढच्या दोन महिन्यांचं, साधारण ४०-५० ग्रॅम आत्ताच फोडून छोट्या घट्ट डब्यात वेगळं काढा, कडेचं आधी. म्हणजे मोठी पिशवी परत परत उघडावी लागणार नाही, प्रत्येक वेळी उघडली की शियामेनची हवा आत जाते.

बाईंना सांगा हो मार्चचं. ज्यांच्या घरी पाच केक इतकी वर्षं फुजियानच्या हवेत टिकले त्यांना हुइ नान थ्येन काय करतं ते माहीत असणारच, कदाचित त्यांच्या वडिलांनी तो कुठे आणि कसा ठेवला होता तेही सांगतील. सांगितलं तर इथे नक्की लिहा.

जुनी_पेटी

+१. आणि त्यांना एकदा तो मधला भाग तुमच्या हाताने करून पाजा, उकळण्याआधीचा.

खाडीकाठ

मशीन लावलंय. शुक्रवारी लंचनंतर गायवान ऑफिसला नेतोय, तेव्हाच मार्चचंही सांगतो.